साडेसहाशेत बसेल तेवढं

महादेवराव माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो आपल्या सख्ख्या आईचा माग उपटायला निघालेला दिसेल आणि तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडाल. कचेरीत कारकून, वय चौतीस, दारू नाही, पत्ते नाहीत, पानसुद्धा लग्नाकार्यात. एवढ्या सरळ माणसाला एखादं तरी खूळ हवंच, नाहीतर बायकोनं बोलावं कशावर? महादेवरावाचं खूळ म्हणजे कॉम्प्युटर.

साल सत्त्याऐंशी. नागपुरात तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेची थंडगार खोली आणि दाराबाहेर काढलेल्या चपला यायच्या. महादेवरावाचा तसला नव्हता. कचेरीतल्या साहेबाच्या भावानं दुबईहून आणलेला, त्याच्या पोरांनी खेळून टाकलेला, पाटीएवढा काळा डबा आणि त्यावर रबराची बटणं. तो घरच्या टीव्हीला जोडायचा, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, टेपमध्ये खेळाची कॅसेट घालायची. पाच मिनिटं ती कॅसेट किंचाळली की पडद्यावर खेळ उतरायचा. म्हणजे उतरला तर. आणि खेळ तरी काय, काड्यांचा एक माणूस धावतोय. दोन्ही कोपऱ्यांतली दोन बटणं, एक डावं नि एक उजवं, आळीपाळीनं बडवली की तो पळायचा. समोर अडथळा आला की खालची लांब पट्टी दाबायची, मग तो उडी मारायचा. एवढ्यासाठी महादेवराव पाच वाजता कचेरीतून सुटला की लुना दामटत जो निघायचा, तो वाटेत सासरा दिसला तरी थांबायचा नाही.

अडचण होती जागेची. घर तांडापेठेत, विणकरांच्या गल्लीत. दोन खोल्या नि स्वयंपाकघर. त्यातली पुढची खोली, रस्त्याकडची, उजेडाची, ती सगळी मागानं अडवलेली. जमिनीत कमरेएवढा खड्डा, खड्ड्यात पायानं दाबायच्या दोन पावड्या, वर आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकणारी झटक्याची दोरी, आणि खड्ड्याच्या काठावर महादेवरावाची आई तुळजाबाई, वय सदुसष्ट. पाय खाली सोडून बसायची आणि महिन्याला दोन-तीन रेशीमकाठी पातळं विणायची. गल्लीतले बाकीचे माग केव्हाच मोडीत गेले होते. पोरं कोणी रेल्वेत, कोणी रिक्षावर, कोणी महादेवरावासारखी कचेरीत. तुळजाबाईचा माग तेवढा सकाळी आठला सुरू व्हायचा नि दिवेलागणीला थांबायचा.

आणि कॉम्प्युटर? तो मधल्या खोलीत पिठाच्या डब्यावर. सुमतीला, म्हणजे महादेवरावाच्या बायकोला, कणीक मळायची झाली की तिनं हाक मारायची, त्यानं खेळ थांबवायचा, टीव्ही उचलायचा, तिनं पीठ काढायचं, त्यानं टीव्ही परत ठेवायचा. तोवर पडद्यावरचा माणूस अडथळ्याला अडकून तोंडावर पडलेला असायचा. एकदा तर सुमतीनं दोनदा पीठ काढलं. पहिल्यांदा कमी पडलं म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

तेव्हा महादेवरावानं ठरवलं की खड्डा बुजवायचा. वर टाइल्स, टाइल्सवर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, समोर फिरती खुर्ची. माग विकायचा किंवा सरळ जळणात द्यायचा. त्यानं आईला समजावून सांगितलं की या वयात तुझ्या गुडघ्यांना आराम हवा, जग कुठल्या कुठे गेलं, आणि पातळं आता कापडबाजारात गठ्ठ्यानं मिळतात. तुळजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. हातातला धोटा खाली ठेवला नाही.

"खड्डा बुजवाचा असंल तं मले त्यात बसवून मंग बुजव," ती म्हणाली.

हे झालं जुलैमध्ये. त्यानंतर महिनाभर घरात अबोला नव्हता, पण बोलणं फक्त भाजीपुरतं होतं.

मग एके दिवशी दुपारी, रविवार होता, महादेवराव बटणं बडवत बसला होता आणि तुळजाबाई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत राहिली. त्याचा घाम निथळत होता, अंगठे लाल झाले होते, आणि डावं बटण मधूनमधून दगा देत होतं. बडवून बडवून त्याच्या आतला पत्रा झिजला होता.

"हे तं पावडीचंच काम होय गा," ती म्हणाली. "डावा पाय, झटका, उजवा पाय, झटका. हाताले काहून तरास देऊन राहिला?"

महादेवराव हसला. हीच त्याची चूक. म्हातारी माणसं तुमचा राग विसरतात, हसणं विसरत नाहीत. तो म्हणाला की हे डोक्याचं काम आहे, पायाचं नाही. तुळजाबाई तिथेच पाटावर बसली. म्हणाली, मला पायानं खेळू दे. मी जिंकले तर माझ्या जिवात जीव आहे तोवर मागाला हात लावायचा नाही. तू जिंकलास तर खड्डा मी माझ्या हातानं बुजवीन, माती मी टाकीन, तुला मजूरसुद्धा लागणार नाही.

सुमती दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. तिला सासूची काळजी वाटली. म्हातारीचा सगळा जीव त्या खड्ड्यात, आणि ती तो काड्यांच्या माणसावर लावायला निघाली होती. महादेवरावाला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. त्यानं लगेच कचेरीचा कागद काढला आणि करारच लिहिला. शर्यत पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता. प्रत्येकी तीन फेऱ्या, सर्वांत कमी वेळ तो ग्राह्य. आणि तिसरं कलम, जे लिहिताना तो स्वतःवरच खूष झाला: मशीन ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत शर्यत होईल, कोणत्याही कारणास्तव तारीख पुढे ढकलली जाणार नाही. आई ऐन वेळी गुडघे दुखतात म्हणेल, ही त्याला भीती. तुळजाबाईनं चष्मा लावून कागद वाचला, तिसरं कलम दोनदा वाचलं, आणि सही केली. कागद सुमतीनं गणपतीच्या फोटोमागे ठेवला.

आता मशीन नीट करणं आलं. महागाईभत्त्याच्या फरकाचे साडेसहाशे रुपये हातात होते आणि त्यावर एक पैसा जास्त खर्चणार नाही अशी शपथ त्यानं सुमतीसमोर घेतली होती. हवं होतं बरंच. नवी शर्यत, मोठी, दहा अडथळ्यांची, तिची कॅसेट त्यानं कधीची आणून ठेवली होती. पण मशीनच्या सोळाच्या मेमरीत ती मावत नव्हती, अठ्ठेचाळीसची हवी. डावं बटण मेलेलं. टेपरेकॉर्डर वडिलांच्या काळातला. आणि मनात खोलवर कुठेतरी जॉयस्टिक होती, त्या दांड्याचं चित्र त्यानं मासिकात पाहिलं होतं.

तर एका शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून तो सदरला निघाला, आणि तुळजाबाई म्हणाली, मी पण येते. काखेत कापडाचं गाठोडं. वाटेत एका ठिकाणी द्यायचं आहे म्हणाली. महादेवरावानं कपाळाला हात लावला, पण लुनाच्या मागे तिला बसवलं.

सदरच्या मोठ्या रस्त्याला लागून एका बोळात गुलाबचंद शेठचं दुकान होतं. रेडिओ, टेप, त्यांचे सुटे भाग, आणि मुंबईहून आलेल्या दोन-चार अशा वस्तू की ज्यांचं नाव गुलाबचंद मोठ्यानं उच्चारत नसे. माणूस गोड. गिऱ्हाइकाला आधी पाणी द्यायचा, मग भाव सांगायचा, म्हणजे घशाला कोरड पडली तरी सोय झालेली असायची.

त्यानं काउंटरवर एकेक वस्तू मांडली. मेमरी, बसवून देण्यासकट, तीनशे ऐंशी. जॉयस्टिक दोनशे नव्वद. बटणांखालचा पत्रा, म्हणजे प्लास्टिकचाच, पण त्यालाच पत्रा म्हणत, एकशे साठ. नवा टेप चारशे वीस, आणि जुन्या टेपचं नुसतं हेड बदललं तर पंचेचाळीस. महादेवरावानं खिशातून कागद काढला आणि मांडणी सुरू केली. मेमरी नि जॉयस्टिक घेतली तर सहाशे सत्तर, वीस रुपये जास्त. जॉयस्टिक नि पत्रा घेतला तर बसतं, पण मग मोठी शर्यतच उतरणार नाही, पळायचं कशात? टेप घेतला तर मेमरी नि जॉयस्टिक दोन्हींना रामराम. त्यानं वीस रुपये सोडायची विनंती केली. गुलाबचंदनं खिन्न चेहरा केला आणि आणखी एक ग्लास पाणी दिलं.

"पाहा महादेवराव," तो म्हणाला, "साडेसहाशेत सगळं नाही बसत. जे नसलं तं मशीन अडते, ते पयले घ्या. जे मिरवाचं आहे, ते मंग."

तेवढ्यात तुळजाबाईनं जॉयस्टिक उचलली. लाटणं पाहावं तशी फिरवली, दांडा डावीकडे उजवीकडे हलवला, कानाशी नेला. मग पत्रा उचलला, दाराकडे जाऊन उजेडात धरला. ताण्यातला तुटका धागा शोधताना पाहतात तसं तिनं त्याच्या एकेका रेषेवरून नजर फिरवली.

"हा दांडा आजच खुळखुळते," ती म्हणाली. "तू बडवशीन तं आठ दिवस टिकणार नाही. पत्रा घे गा. खालचं पक्कं असलं की वरचं चालते."

गुलाबचंदनं तिच्याकडे आदरानं पाहिलं. खरं तर दांडा खुळखुळतो हे त्यालाही माहीत होतं. महादेवरावानं जॉयस्टिक एकदा हातात घेतली आणि परत ठेवली, अगदी लहानपणी जत्रेत खेळणं परत ठेवावं लागलं होतं तशी. पण म्हातारीचं गणित बरोबर होतं. मेमरी आणि पत्रा मिळून पाचशे चाळीस, टेपचं हेड पंचेचाळीस. उरले पासष्ट. तुळजाबाई म्हणाली की त्यातून मला दाराच्या घंटीची तीन बटणं दे, दोन पावड्यांखाली, एक झटक्याच्या दोरीला, आणि त्यांच्या तारा या डब्यात जोडून दे. गुलाबचंदनं हे आयुष्यात कधी केलं नव्हतं, पण त्याचे डोळे चमकले. तीस रुपयांत करून देतो म्हणाला, येत्या मंगळवारी स्वतः घरी येऊन. उरलेले पस्तीस सुमतीच्या हातावर ठेवायचे ठरले.

मेमरी बसवायला तासभर लागणार होता. महादेवराव म्हणाला, मी जरा पाय मोकळे करून येतो. पाय त्यानं कुठे मोकळे केले म्हणाल, तर समोरच्या टाइल्सच्या दुकानात. हिरवी घ्यावी की चॉकलेटी, या विचारात तो तिथे अर्धा तास उभा होता, आणि एक हिरवी टाइल नमुना म्हणून कागदात गुंडाळून त्यानं लुनाच्या पिशवीत खाली सारली. परत आला तर आई नि गुलाबचंद चहा पीत बसले होते आणि दोघांचं चांगलं जमलेलं दिसलं. कशाबद्दल बोलत होते, हे विचारावं असं त्याला वाटलं नाही. तो मनातल्या मनात खोली फरसबंद करत होता.

मंगळवारी तारा जोडून झाल्या. कॉम्प्युटरच्या मागून तीन तारा निघाल्या आणि मागाच्या खड्ड्यात उतरल्या. त्यासाठी टीव्ही नि कॉम्प्युटर पिठाच्या डब्यासकट पुढच्या खोलीत आले. तुळजाबाईनं धोटा काढून ठेवला, खड्ड्यात पाय सोडले आणि पावडी दाबली. पडद्यावरच्या माणसानं पाऊल टाकलं. दुसरी दाबली, दुसरं टाकलं. झटक्याची दोरी ओढली, माणूस उडाला. सुमतीनं टाळ्या वाजवल्या नि नवऱ्याकडे पाहून थांबवल्या.

पण हाय रे दैवा, म्हातारी हरत होती. पाय तिचे अस्सल होते, पन्नास वर्षांची सवय, ठेका चुकायचा नाही. गोची वेगळीच होती. झटका ओढला की विणकर क्षणभर थांबतो आणि धोटा पलीकडे पोचला का ते पाहतो. तुळजाबाईही थांबायची. धोटा तर खाली टोपल्यात पडलेला, तरी तिची मान आधी उजवीकडे वळायची, मग डावीकडे. दर अडथळ्याला एक ठोका असा वाया जायचा. तिला कळत होतं, राग येत होता, पण मान ऐकत नव्हती. तिची वेळ अठरा सेकंद. महादेवरावाची नव्या पत्र्यावर सोळा.

दोन आठवडे रोज हेच. तो सोळा, ती अठरा. महादेवराव शीळ वाजवत कचेरीत जायचा. हिरवी टाइल त्यानं आता उघडपणे खिडकीत ठेवली होती. सुमतीनं एकदा न राहवून त्याला म्हटलं की एखाद वेळ मुद्दाम हरलात तर काय बिघडेल. त्यानं तिला करार म्हणजे करार हे समजावलं. तुळजाबाईनं मात्र एका शब्दानं कुरकुर केली नाही. ती दिवसा विणायची, संध्याकाळी तीनदा पळायची, आणि अठरा आले की दोरी सोडून द्यायची. रात्री तिला झोप लागत नाही हे सुमतीला माहीत होतं. अंधारात ती उठून मागाशी जायची, हात फिरवून परत यायची.

पोळा आला. तुळजाबाईचं माहेर खाप्याचं, कन्हानच्या काठचं. तिथे तिच्या बापाकडे माग होता तसे बैलही होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेक करायची, म्हणजे तुपात हळद कालवून, कोमट करून, वर्षभर जू वाहिलेले त्यांचे खांदे पळसाच्या पानानं शेकायचे, आणि त्यांना आवतण द्यायचं. तांडापेठेत बैल कुठले? पण कष्ट करणाऱ्याचे खांदे शेकल्याशिवाय तिला पोळा गोड लागत नसे. म्हणून ती दर वर्षी मागाच्या दोन खांबांना तूप-हळद लावायची. आणि पोळ्याच्या दिवशी, अमावास्येला, मागाला कोणी हात लावायचा नाही. ज्याची खांदशेक झाली त्याला त्या दिवशी जुंपायचं नाही, हा घरचा नियम महादेवराव रांगत होता तेव्हापासूनचा.

त्या संध्याकाळी तिनं मागाचे खांब शेकले आणि मग वाटी घेऊन कॉम्प्युटरपाशी आली. महादेवराव टेप पुसत होता. तिनं विचारलं, यालाही लावू का, परवा यालाही पळायचं आहे. महादेवरावाला भरून आलं. आईनं आपल्या मशीनला घरातलं मानलं, याचा अर्थ तिनं मनातून हार मानली, असं त्याला वाटलं. त्यानं डोक्यावर रुमाल टाकला आणि हात जोडून उभा राहिला. तुळजाबाईनं पळसाचं पान कोमट तुपात बुडवलं, हळूच डब्याच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवलं, मग उजव्या. चांगलं दाबून, मुरेपर्यंत.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," ती म्हणाली, आणि वर फडकं झाकलं.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी झाली. मशीनसमोर एक पोळी ठेवली गेली. नियमाप्रमाणे फडक्याला कोणी हात लावला नाही. महादेवरावाचे हात सरावासाठी शिवशिवत होते, पण सोळा नि अठरामध्ये काय फरक पडणार होता?

पाडव्याची सकाळ. तिकडे इतवारीत गावची पीडा बाहेर नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघालेली, गल्लीतून पोरं ओरडत चालली होती, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. मागच्या साली याच वेळी तुळजाबाईनं ओट्यावर उभं राहून कॉम्प्युटर घेऊन जा गे मारबत, अशी आरोळी ठोकली होती, तीही त्याला ऐकू जाईल अशी. यंदा ती गप्प होती. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून खड्ड्याच्या काठावर बसली होती.

दहा वाजता फडकं निघालं. कॅसेट किंचाळली, खेळ उतरला, एका दमात. करारानुसार पहिली फेरी महादेवरावाची. त्यानं बोटं मोडली, कोपऱ्यातल्या बटणांवर अंगठे ठेवले आणि बडवायला लागला. काड्यांचा माणूस जागचा हलला नाही. त्यानं आणखी जोरात बडवलं. माणूस तसाच, हात कमरेवर ठेवल्यासारखा. खालची लांब पट्टी दाबली तर जागच्या जागी उडी मारली. बाकीची सगळी बटणं चालत होती. फक्त डाव्या कोपऱ्यातलं नि उजव्या कोपऱ्यातलं, एवढी दोनच ठार मेलेली. त्यानं एक रबर उचकून पाहिलं. खाली पिवळं तूप मुरून, थिजून बसलं होतं.

त्यानं आईकडे पाहिलं. आई पडद्याकडे पाहत होती.

"माय, हे काय केलं वं?"

"खांदशेक," तुळजाबाई म्हणाली. "तू हात जोडून उभा होता ना गा?"

"दोनच बटणाले कशी लावली?"

"बैलाले खांदे किती राह्यते? दोन."

तो लुनावर टांग टाकून सदरला निघणार होता, पण सुमतीनं आठवण दिली की आज पाडवा, गुलाबचंद दुकान बंद करून मारबत पाहायला जातो. मग त्यानं शर्यत उद्यावर ढकलू म्हटलं. सुमती आत गेली आणि गणपतीच्या फोटोमागचा कागद घेऊन आली. तिसरं कलम तिनं मोठ्यानं वाचलं. वाचन तिचं स्पष्ट होतं, पाचवीला बक्षीस मिळालेलं. महादेवरावाला आपलंच अक्षर पाहून घाम फुटला.

"पावड्या चालू आहे," तुळजाबाई म्हणाली आणि काठावरून बाजूला सरकली. "मी काय एकटीसाठीच बसवल्या? बस."

महादेवराव खड्ड्यात उतरला. बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला इथे बसवलं होतं, तेव्हा तो दुपारीच पळून गेला होता. वडील रागावले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला शाळेत पाठवलं. त्यानंतर तो इथे आजच बसत होता. त्यानं डावी पावडी दाबायला जावं तर उजवी खाली जायची. पायांकडे पाहिलं तर पडद्यावरचा अडथळा आलेला असायचा, पडद्याकडे पाहिलं तर पाय हरवायचे. पहिल्या फेरीत माणूस चार वेळा तोंडावर पडला. दुसऱ्या फेरीत सात वेळा. गल्लीतल्या चार बाया दारात जमल्या आणि नंतर त्यांच्या हसण्याचाच ठेका चुकायला लागला. तिसऱ्या फेरीत त्यानं जिवाच्या आकांतानं पाय मारले. एकतीस सेकंद.

मग तुळजाबाई बसली. डावा पाय, झटका, उजवा पाय, झटका. मान तिची वळली, उजवीकडे, डावीकडे, दर वेळी वळली. तिला घाईच नव्हती. अठरा. दुसरी फेरी ती पळालीच नाही, काय गरज? दारातल्या बायांनी गलका केला. तुळजाबाईनं दोरी सोडली आणि मागाच्या खांबाला, जिथे तूप लावलं होतं तिथे, कपाळ टेकवलं. तो खांब तिनं दोन्ही हातांनी कवटाळलेला महादेवरावानं पाहिला. ती खेळत नव्हती, ती दोन आठवडे नुसती घाबरलेली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि राग तर त्याहून जास्त आला.

तो राग घेऊन तो दुसऱ्या दिवशी सदरला गेला. नवा पत्रा म्हणजे एकशे साठ रुपये, आणि पैसे तर संपलेले. उधारीची गोष्ट कशी काढावी हे तो वाटभर घोळवत होता. गुलाबचंदनं त्याला पाहिलं, पाणी दिलं, आणि काही न विचारता ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेला पत्रा काढून काउंटरवर ठेवला. त्यावर पेन्सिलीनं महादेवरावाचं नाव.

"हा तुमचाच. पैसे आले आहेत."

महादेवराव म्हणाला, मी तर काही दिले नाहीत.

"तुमच्या आईनं त्याच दिवशी देऊन ठेवले, तुम्ही समोर टाइल्स पाहत होता तेव्हा. पैशांच्या जागी गाठोड्यातलं पातळ होतं, माझ्या आईनं ठेवून घेतलं. काय काम आहे हो, काठ पाहत राहावा." गुलाबचंद पुढे झुकला. "मले म्हणाल्या, पोळा झाला की माहा पोरगा येईल, तवा देजो. पण एक गोष्ट तीन-तीनदा इचारून गेल्या. तूप आत गेलं तं मशीन मरत तं नाही ना? फक्त बटणंच मरते ना? त्याच्या जिवाले धक्का लागाले नको."

महादेवरावानं समोर पाहिलं. त्या दिवशी आई ज्या स्टुलावर चहा पीत बसली होती, तिथून टाइल्सचं दुकान आरपार दिसत होतं, आतलं हिरवं नि चॉकलेटी सगळं.

घरी आला तेव्हा माग चालू होता. त्यानं पत्रा बसवला, बटणं दाबून पाहिली, दोन्ही चालली. तुळजाबाईनं विणता विणता विचारलं, पत्र्याला किती पडले. तो म्हणाला, काही नाही पडले. ती म्हणाली, चांगला माणूस आहे गुलाबचंद. धोटा उजवीकडे गेला, डावीकडे आला, तिची मान त्याच्याबरोबर गेली नि आली.

खिडकीतली हिरवी टाइल त्यानं उचलली, मधल्या खोलीत परत गेलेल्या पिठाच्या डब्यावर ठेवली आणि तिच्यावर टेपरेकॉर्डर ठेवला. उंची अगदी बरोबर बसली. मग तो पुढच्या खोलीत आला, चपला काढल्या आणि खड्ड्याच्या काठावर, आईच्या शेजारी, पाय खाली सोडून बसला.

"आधी डावा का उजवा वं?" त्यानं विचारलं.

"पायाकडं पाहू नको," तुळजाबाई म्हणाली.